त्याचं नाव कुठल्या यादीत आहे?

वाचकाचं पत्र

नमस्कार काका,

आम्ही उरण तालुक्यात राहतो. माझे मिस्टर आयटीआय फिटर आहेत, वय ३१. आठ वर्षं बंदराजवळच्या एका कंटेनर यार्डात काम करतात, हातात १९ हजार येतात. मित्राच्या ओळखीतून एक ठेकेदार भेटलाय. बॉम्बे हायला, म्हणजे भर समुद्रातल्या तेलक्षेत्रात, बार्जवर (तरंगत्या सपाट जहाजावर) काम देतो म्हणतो. ऑक्टोबर ते मे, महिना ३८ हजार, जेवण-राहणं फुकट. पण आधी ‘ट्रेनिंग आणि मेडिकलचे’ म्हणून ४० हजार रोख मागतोय. सासूबाई म्हणतात, माझ्या बांगड्या मोडा, पण पोराची संधी घालवू नका.

माझ्या माहेरच्या गावातला एक मुलगा २०२१ च्या वादळात समुद्रात होता. तो वाचला, पण अजून रात्री दचकून उठतो असं त्याची आई सांगते. तेव्हापासून बार्ज हा शब्द ऐकला तरी माझ्या पोटात गोळा येतो. मी काही विचारलं की हे चिडतात. ‘हजारो माणसं जातात, त्यांच्या बायका अशा करतात का?’ म्हणतात. सासूबाई म्हणतात, जाणाऱ्याच्या पाठीमागे अभद्र बोलू नये. मुलगी चार वर्षांची आहे. मी त्यांना अडवू का? अडवलं तर जन्मभर ऐकावं लागेल, आणि नाही अडवलं तर... पुढचं लिहवत नाही.

— एक वाचक, उरण तालुका

उत्तर

ताई,

त्यांना अडवू नका. पण या ठेकेदाराच्या हातात ४० हजार ठेवू नका, आणि मी पुढे लिहितोय त्या गोष्टी कागदावर आल्याशिवाय त्यांना न्हावा बंदराच्या जेटीवरून बोटीत चढू देऊ नका. बांगड्या आहेत तिथे असू द्या.

मी २६ वर्षं ऑफशोरला, म्हणजे समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर, काढली, त्यातली बहुतेक रेडिओ रूममध्ये. आमच्या कामातलं एक काम फार साधं होतं. रोज, न चुकता, त्या घडीला प्लॅटफॉर्मवर किती माणसं आहेत याचा आकडा किनाऱ्यावर कळवायचा. त्याला पीओबी म्हणतात, म्हणजे ‘आत्ता इथे असलेली माणसं’. चॉपरने चार आले, बोटीने सहा गेले, शेजारच्या बार्जवरून अठरा जण कामाला वर आले आणि संध्याकाळी सतरा परतले, की त्या अठराव्याला शोधायचं. तो जेवणघरात सापडो की झोपलेला सापडो, सापडल्याशिवाय आकडा पाठवायचा नाही.

२० वर्षांहून जुनी गोष्ट आहे. मे महिना होता. शेजारी एक बार्ज लागला होता आणि त्यावरची ठेक्याची माणसं दिवसा आमच्याकडे पाइपांच्या कामाला यायची. एका दुपारी मस्टरचा सराव झाला. अलार्म वाजला की हातातलं काम टाकून प्रत्येकाने आपापल्या लाइफबोटीपाशी लाइफजॅकेट घालून उभं राहायचं आणि नाव पुकारलं की हात वर करायचा. यादीत एक नाव आलं आणि एका पोराने हात वर केला. यादीत त्या नावापुढे वय ४३ होतं. समोरच्याला मिसरूडही नीट फुटलं नव्हतं. त्याने लाइफजॅकेट अंगात अडकवलं होतं, पण पट्टे तसेच खाली लोंबत होते. ते कमरेभोवती आणून पुढे आवळायचे असतात हे त्याला कोणी दाखवलंच नव्हतं.

मी त्याला रेडिओ रूममध्ये बोलावून चहा दिला. पोरगा नांदेडकडचा. ४३ वर्षांचा माणूस गावाहून परत आला नाही म्हणून ठेकेदाराने त्याच्याच पासवर या पोराला बोटीत चढवलं होतं. नवा पास नाही, नवी मेडिकल नाही, ट्रेनिंगचा तर प्रश्नच नाही. मी त्याला म्हटलं, तुझं खरं नाव सांग. त्याने सांगितलं, पण इतक्या दबक्या आवाजात की मला दोनदा विचारावं लागलं. तीन आठवडे तो दुसऱ्याच्या नावाला ‘हजर’ म्हणत होता. त्या तीन आठवड्यांत काही झालं असतं, तर त्याच्या आईला कोणीही कळवलं नसतं, कारण कागदावर तो समुद्रात नव्हताच. मी रिपोर्ट केला, पुढच्या बोटीने त्याला परत पाठवलं. त्याचा तीन आठवड्यांचा पगार त्याला मिळाला का, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं. विचारलं नाही. ते मला आजही टोचतं.

म्हणून तुमच्या पत्राला माझं उत्तर त्या यादीपासूनच सुरू होतं. समुद्र धोक्याचा आहेच. पण माझ्या २६ वर्षांत मी पाहिलं ते असं, की एकाच समुद्रात, एकाच दिवशी, एकमेकांपासून शंभर मीटरवर काम करणाऱ्या दोन माणसांचा धोका सारखा नसतो. कोण कुणाच्या नावावर, कुठल्या कागदावर, काय शिकून तिथे आलाय, यावर तो ठरतो.

‘ऑफशोर’ म्हटलं की घरच्यांना सगळं एकच वाटतं, म्हणून थोडं खोलात सांगतो. मुंबईपासून पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर १९७४ साली ‘सागर सम्राट’ या विहीर खोदणाऱ्या रिगने तेल शोधलं आणि १९७६ मध्ये ते वर यायला लागलं. तेच बॉम्बे हाय. तिथे पाणी साधारण ७५ मीटर खोल आहे. प्लॅटफॉर्म म्हणजे समुद्राच्या तळाला खिळे ठोकून उभी केलेली लोखंडी इमारत. आपल्याकडच्या बऱ्याच रिगना पाय असतात. ते पाय तळावर टेकवून सगळं डेक लाटांच्या वर उचलून धरतात. बार्ज मात्र पाण्यावर तरंगतो. सपाट पेटाऱ्यासारखा, वर क्रेन आणि राहायच्या खोल्या, कधी दोनशे-अडीचशे माणसं. अनेक बार्जना स्वतःचं इंजिन नसतं. ते नांगरांवर उभे असतात आणि हलवायचे तर ओढून नेणारी टग बोट बोलवावी लागते. तेल कंपनीची कायम माणसं जुहूहून चॉपरने जातात, १४ दिवस काम, १४ दिवस घर. ठेक्याची माणसं बहुतेक न्हाव्याहून रात्रभर बोटीने जातात आणि महिनोन्महिने तिथेच राहतात. तुमचे मिस्टर या दुसऱ्या रांगेत उभे राहणार आहेत. मी त्या रांगेला कमी लेखत नाही. पाइप, वेल्डिंग, रंग, मचाण, सगळं तीच माणसं करतात. पण त्या रांगेतल्या माणसाला स्वतःची काळजी स्वतः घ्यावी लागते, आणि घरच्यांनीही.

२०२१ ची गोष्ट तुम्ही काढलीत, तर ती पुरती समजून घ्या. अर्धवट माहिती जास्त छळते. तौक्ते वादळाचा इशारा हवामान खात्याने आधी दिलेला होता. बऱ्याच बोटी किनाऱ्याकडे निघून गेल्या. पी-३०५ नावाचा बार्ज हीरा फील्डजवळच राहिला. त्यावर २६१ माणसं होती. १७ मे रोजी नांगर तुटले, बार्ज वाहवत जाऊन एका निर्मनुष्य प्लॅटफॉर्मवर आदळला, त्याला भोक पडलं आणि संध्याकाळी तो बुडाला. सत्तरहून अधिक माणसं गेली. वरप्रदा नावाची टग बुडाली, तिच्यावरच्या १३ जणांपैकी दोघेच वाचले. पण त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी, त्याच खवळलेल्या पाण्यातून नौदलाने पी-३०५ वरच्या पावणेदोनशेहून अधिक माणसांना जिवंत बाहेर काढलं. ती माणसं कित्येक तास, काही जण रात्रभर, लाइफजॅकेटवर तरंगत होती. अनेकांनी एकमेकांचे हात धरून ठेवले होते. तुमच्या माहेरचा मुलगा असाच कुठेतरी वाचला असेल. आणि नंतर मुंबईत जे घडलं ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. ओळख पटत नव्हती म्हणून नातेवाइकांचे डीएनए नमुने घ्यावे लागले.

यातून तीन गोष्टी माझ्या डोक्यात पक्क्या बसल्या आहेत.

पहिली तारखेची. वादळ १७ मेला आलं. बार्जचं काम ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मे या ‘फेअर वेदर’मध्ये चालतं आणि सीझन संपत आला की सगळ्यांनाच घाई सुटते. अजून दोन दिवस मिळाले तर एवढं जोडून होईल, मग पुढच्या वर्षी परत बार्ज आणायला नको. अरबी समुद्रातली वादळं नेमकी मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास येतात. फयान आलं ते ११ नोव्हेंबर २००९ ला आणि निसर्ग ३ जून २०२० ला. निसर्गमध्ये आपल्या रायगडात किती घरांचे पत्रे उडाले ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून मिस्टरांना सांगा की ठेकेदाराशी बोलताना ‘मेपर्यंत’ असं मोघम ठरवायचं नाही. एप्रिलची ३० तारीख घाला, फार तर मेचा पहिला आठवडा. ती तारीख पत्रात लिहून घ्या, आणि त्या तारखेला परत आणण्याची बोट ठेकेदाराच्या खर्चाने, हेही लिहून घ्या. शेवटच्या महिन्याचा पगार अडकवून माणसाला ‘अजून आठ दिवस थांब’ म्हणणं ही या धंद्यातली फार जुनी खोड आहे. ठेकेदार असा अडला तर त्या पगारावर पाणी सोडायची तयारी आत्ताच, घरात बसून करून ठेवा. एका महिन्याचे ३८ हजार रुपये म्हणजे किती, ते आज कळतं. समुद्रात, बाकीचे सगळे थांबलेले असताना, त्याचा हिशेब चुकतो.

दुसरी गोष्ट ट्रेनिंगची. सी सर्व्हायवलचा, म्हणजे समुद्रात जीव वाचवायचा, कोर्स झाल्याशिवाय पाण्यावर जायचं नाही, ठेकेदार ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणाला तरी नाही. ओएनजीसीची स्वतःची सुरक्षा संस्था गोव्यात बेतुलला आहे आणि तिथल्या सी सर्व्हायवल सेंटरचं उद्घाटन फेब्रुवारी २०२४ मध्ये झालं. मुंबई परिसरातही मान्यताप्राप्त संस्था आहेत. कंपनीला नेमका कुठला कोर्स चालतो ते ठेकेदाराकडून लेखी घ्या. बोसिएट नावाचा ऑफशोर सुरक्षेचा प्राथमिक कोर्स साधारण तीन दिवसांचा असतो आणि त्याचं सर्टिफिकेट चार वर्षं चालतं. तलावात चॉपरचा सांगाडा उतरवतात, माणसांसकट पाण्याखाली उलटा करतात. नाकात पाणी जातं, वर-खाली कळेनासं होतं. एक हात खिडकीच्या कडेला, दुसरा पट्ट्याच्या बकलवर, आणि सांगाडा फिरायचा थांबेपर्यंत बकल सोडायचं नाही, हे तिथे शिकवतात. घाबरलेला माणूस आधी बकल सोडतो आणि मग आतल्या आत भरकटतो. ते ऐकून समजत नाही, एकदा पाण्याखाली जाऊन यावं लागतं.

उंचावरून पाण्यात उडी मारायची वेळ आलीच, तर एका हाताने नाक-तोंड झाकायचं, दुसरा हात त्यावरून आडवा घेऊन लाइफजॅकेट छातीशी गच्च दाबायचं, नजर समोर, पाय जुळलेले. जॅकेट दाबलं नाही तर पाण्याला टेकताच ते वर उसळतं आणि हनुवटीखाली जोराचा दणका बसतो. हे तुमच्या मिस्टरांना आजच घरात उभं राहून करायला लावा. मुलीलाही गंमत वाटेल. बार्जवर पोहोचल्या दिवशी आपलं जॅकेट हातात घेऊन त्याचे पट्टे, शिट्टी आणि दिवा तपासायचे, झोपायच्या बंकपासून लाइफराफ्टपर्यंत दोन वेगळ्या वाटांनी चालत जायचं, एकदा दिवे लावून आणि एकदा डोळे मिटून कठड्याला धरत.

(त्यांना पोहता येतं का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. उरणचे आहेत म्हणून मी येतं असं धरून चाललो होतो, पण धरून चालू नये. येत नसेल तर ऑक्टोबरपर्यंत शिकायला वेळ आहे.)

तिसरी गोष्ट, तीच यादीची. नेमणुकीचं पत्र हवं, आणि ते मित्राच्या मित्राच्या नावचं चालणार नाही. ज्या कंपनीला काम मिळालंय तिचं, किंवा तिने नेमलेल्या ठेकेदाराचं, पत्त्यासकट. त्यात मिस्टरांचं आधारवर आहे तसंच नाव, हुद्दा, पगार, बार्जचं नाव आणि परतीची तारीख. पीएफचा यूएएन नंबर पहिल्या महिन्यातच मागा आणि पासबुकात पैसे जमा होतात का ते तुम्ही स्वतः मोबाइलवर दर महिन्याला बघा. अपघात विम्याची प्रत घ्या आणि नॉमिनी म्हणून तुमचं नाव आहे ना ते पाहा. ठेकेदार पळाला किंवा हात वर केले, तर ज्याचं काम चाललंय त्या मुख्य मालकाचीही कायद्याने जबाबदारी येते. पण तिथपर्यंत पोहोचायला तुमचा माणूस तिथे कामाला होता हे दाखवणारा कागद लागतो. ज्यांच्याकडे कागद नव्हता त्या बायका मी ऑफिसांच्या जिन्यांवर बसलेल्या पाहिल्या आहेत.

आता त्या ४० हजारांबद्दल. कोर्सची फी भरावी लागली तर भरा, पण मिस्टरांनी स्वतः संस्थेत जाऊन, स्वतःच्या नावाने, पावती घेऊन. मग सर्टिफिकेट त्यांचं राहतं. हा ठेकेदार नाही तर दुसरा, चार वर्षं ते चालेल. मेडिकलचंही तसंच. रोख घेऊन ‘सगळं मी करतो’ म्हणणारा माणूस पुष्कळदा काहीच करत नाही. नाहीतर त्या नांदेडच्या पोरासारखं दुसऱ्याच्या नावावर करतो. आणि हाच माणूस पुढे ‘दुबईला बोटीवर लावतो, इराणला लावतो’ म्हणाला, तर लगेच सावध व्हा. जहाजावर खलाशी पाठवायला डीजी शिपिंगचा, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज वाहतूक महासंचालनालयाचा, आरपीएसएल नावाचा भरती परवाना लागतो. परवानेदारांची यादी त्यांच्या वेबसाइटवर आहे, कार्यालय कांजूरमार्गला आहे, आणि असा परवानेदार नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घेऊच शकत नाही. बिनपरवाना एजंटांच्या नादाने इराणकडे गेलेली आपली पोरं तिथे अडकून पडल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं येत आहेत.

दुसऱ्या एका दिवसाबद्दलही सांगतो, कारण त्यात तुमच्या मिस्टरांना सांगण्यासारखं काही आहे. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली ते सगळ्यांना आठवतं. २७ तारखेला बॉम्बे हाय नॉर्थला काय झालं ते कमी जणांना आठवतं. एका जहाजावरच्या आचाऱ्याची बोटं कापली होती. खराब हवेमुळे चॉपर मिळत नव्हता. म्हणून त्याला उपचारासाठी क्रेनने प्लॅटफॉर्मवर घ्यायचं ठरलं. ते जहाज, ‘समुद्र सुरक्षा’, प्लॅटफॉर्मला खेटून आलं, लाटांत आदळलं आणि तळातून वर येणाऱ्या गॅसच्या पाइपला त्याचा धक्का बसला. गॅस पेटला. दोन तासांत अख्खा प्लॅटफॉर्म समुद्रात गेला. २२ माणसं गेली आणि साडेतीनशेहून अधिक वाचवली गेली. मी तेव्हा सुट्टीच्या पाळीत घरी होतो. माझी माणसं कुठल्या पाळीत आहेत हे बोटांवर मोजत रात्र काढली.

एका माणसाच्या कापलेल्या बोटांपासून हे सुरू झालं, आणि मदत करायच्या चांगल्या हेतूनेच. म्हणून ऑफशोरला लहानसं काम असं काही नसतं. एक बोल्ट सैल करायचा तरी परमिट लागतं. वेल्डिंगची ठिणगी पाडायची तर आधी गॅस तपासतात. काही विहिरींच्या गॅसमध्ये सडक्या अंड्याचा वास असलेला वायू असतो. थोडा असला की वास येतो, जास्त झाला की नाकच मरतं आणि वास येईनासा होतो. नवख्याला वाटतं, गेला वाटतं वास, आता बरं आहे. तेव्हाच जीव जातो. तुमचे मिस्टर कामाला चांगले असतील, आठ वर्षांचा हात आहे. पण यार्डात चांगला फिटर म्हणजे जो ‘झालं, करतो’ म्हणून पटकन उरकतो. तिथे चांगला फिटर म्हणजे जो पाना खाली ठेवून विचारतो, ‘परमिट कुठाय? लाइन खाली केली का? टॅग कोणी लावला?’ हे विचारायचा हक्क सर्वांत खालच्या हेल्परलाही आहे, तसे बोर्ड भिंतींवर लावलेले असतात. फोरमन ओरडेल. ओरडू दे.

बोटीतून वर चढतानाही तेच. दोर धरून झोका घ्यायचा असतो. बोट लाटेवर सर्वांत वर आली की त्याच क्षणी सुटायचं, खाली जाताना कधीच नाही, आणि हातात पिशवी अजिबात नको. पिशवी क्रेनने येते. मागचा माणूस ‘चल रे’ म्हणाला तरी आपल्याला न पटलेली लाट सोडून द्यायची. पुढची येतेच.

आता घरातलं. तुम्ही विचारता तेव्हा ते चिडतात, कारण तुमच्या प्रश्नात त्यांना ‘जाऊ नका’ ऐकू येतं. भीती त्यांनाही आहे. १९ हजारांत मुलीची शाळा कशी करायची ही भीती तुमच्यापेक्षा त्यांना जास्त असेल. म्हणून ‘जाऊ नका’ म्हणूच नका. ‘जा, पण हे कागद आणा, मी फाइल करते’ असं म्हणा. ठेकेदाराला भेटायला जाल तेव्हा तुम्हीही सोबत जा. बाईमाणूस वही घेऊन बसली की तोंडी आश्वासनं देणारा माणूस जरा शब्द तोलून वापरतो, हे मी पाहिलंय.

सासूबाईंना माझ्याकडून सांगा की हे अभद्र नाही. आमच्या पिढीतल्या प्रत्येक ऑफशोरवाल्याच्या घरी अशी एक वही असायची. माझ्या घरी ती देवघराच्या खालच्या फळीत असे, माझ्या आईनेच ठेवलेली. तुम्ही त्यात लिहा: बार्जचं नाव, फील्डचं नाव, पासचा नंबर, किनाऱ्यावरच्या ऑफिसचा फोन आणि तिथल्या माणसाचं नाव, बार्जवर बरोबर गेलेल्या दोन मित्रांच्या घरचे नंबर. त्यांचा रक्तगट, जुनं ऑपरेशन, दाताला चांदी भरली असेल तर कुठल्या, हातावर गोंदलेलं काही. हे लिहिताना हात थरथरेल. तरी लिहा, वही मिटा आणि फळीवर ठेवून द्या. एकदा लिहिलं की ते रोज डोक्यात फिरत नाही, माझ्या बायकोचा अनुभव आहे.

फोनची सवय आधीच ठरवा. बार्जवर कधी नेट असतं, कधी नसतं, आणि कामाच्या जागी मोबाइल नेताच येत नाही. रोज फोन येईल अशी आशा धरलीत तर न आलेल्या प्रत्येक दिवशी तुम्ही मराल. ‘आठवड्यात दोनदा, जमेल तेव्हा’ एवढंच ठरवा. हवामान खात्याची सूचना मात्र रोज सकाळी स्वतः बघा. आपले कोळी बांधव बघतात तशी. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा दिसला की त्याच दिवशी किनाऱ्यावरच्या ऑफिसला फोन लावा आणि विचारा, बार्ज बंदराकडे कधी हलवताय? टग जवळ आहे का? तुमच्यासारख्या वीस घरांतून वीस फोन गेले तर ऑफिसातला माणूस वर विचारतो. २०२१ ला घरच्यांना कळलं ते टीव्हीवरून, आणि तोवर उशीर झाला होता.

ते परत आले की पहिले चार दिवस फक्त झोपतील. मुलीच्या आवाजानेही चिडतील. १२-१२ तासांच्या पाळ्या आणि इंजिनांचा आवाज कानातून जायला तेवढे दिवस लागतात. मनावर घेऊ नका.

हे सगळं विचारल्यावर ठेकेदार म्हणाला की ‘एवढं कोणी विचारत नाही, दुसरा माणूस तयार आहे’, तर त्याला तो दुसरा माणूस नेऊ द्या. ३८ हजारांसाठीही ती बोट तुमची नाही. कोर्स करून ठेवा, सर्टिफिकेट घेऊन थेट मोठ्या कंत्राटी कंपन्यांच्या ऑफिसांत अर्ज द्या. आठ वर्षांचा फिटर आणि सर्व्हायवल झालेला, असा माणूस त्यांनाही हवा असतो. एखादा सीझन गेला तर गेला.

आणि ठेकेदाराने पत्र दिलंच, तर सही करण्याआधी त्याचा फोटो काढून मला पाठवा. नाव आणि आधार नंबर झाकून पाठवा. मी ओळ न ओळ वाचून, कुठे काय घालायला सांगायचं ते लिहून कळवतो. ऑक्टोबरच्या आत पाठवा म्हणजे बोलायला वेळ राहील.

तुमचा,
काका